जिन्याची राखण

७ जानेवारी

नवीन डायरी. कागदाची, आणि शाईच्या पेनाने लिहायची. बायको म्हणाली, "फोनमध्ये लिही की. शोधायला सोपं." शोधायला सोपं म्हणजे चोरायलाही सोपं. कागद चोरायचा तर माणसाला निदान झेरॉक्सच्या दुकानापर्यंत तंगडतोड करावी लागते.

लिहायला कारणही तसंच आहे. काम मिळालं! गुडघ्यांचं रुग्णालय, दोन मजली, छोटंसंच, पण सगळ्यांचा डोळा होता त्याच्यावर. डॉक्टरबाईंनी कितीतरी आर्किटेक्टांचे आराखडे बघितले आणि शेवटी माझ्यावर बोट ठेवलं. कशामुळे? जिन्यामुळे. म्हणाल्या, "ऑपरेशननंतर माझे पेशंट ज्या जिन्यावर पहिल्यांदा पाय टाकतील, त्याची त्यांना भीती वाटता कामा नये. तुमचा जिना बघून मलाच चढावंसं वाटलं."

माझा जिना आहेच तसा. बुटक्या, रुंद पायऱ्या, मध्ये ऐसपैस वळण, वळणावर टेकायला बाक आणि हात आपसूक जाऊन पडेल असा लाकडी कठडा. माझ्या प्रत्येक मोठ्या इमारतीत तो आहे. लोक इमारत विसरतात, जिना विसरत नाहीत.

बायकोला सांगितलं तर म्हणाली, "वा! सरांना कळवलंस?"

सर म्हणजे आमचे जुने सर. लग्नाआधी आम्ही दोघंही त्यांच्याच ऑफिसात होतो. बायको आता कॉलेजात शिकवते, पण तिच्या प्रत्येक वाक्यात अजून सर येतात. काम मला मिळालं, त्यात सरांना काय कळवायचं? कळवीन सवडीने.

१२ जानेवारी

पहिली बैठक. डॉक्टरबाईंच्या जुन्या दवाखान्यात, टेबलावर प्लास्टिकचा गुडघा ठेवलेला. बोलता बोलता सगळे तो उचलून वाकवून बघत होते.

मंडळी अशी. एक इंजिनिअर, ताठ आणि कमी बोलणारा, जिथे मोकळी जागा दिसेल तिथे खांब घालायला टपलेला. मी त्याचं नाव 'खांब' ठेवलं आहे. दुसरा कंत्राटदार. काहीही विचारा, तो म्हणतो, "होऊन जाईल." पाया? होऊन जाईल. रंग? होऊन जाईल. त्याचं नाव ठेवायची गरजच नाही.

सुरुवातीलाच खांब म्हणाला, "तुमचं मॉडेल पाठवा."

पूर्वी आम्ही नकाशे द्यायचो. कागदावर रेघा, संपला विषय. आता अख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करतात. भिंतीवर बोट ठेवलं की भिंत आपली जाडी सांगते, दार आपली किंमत सांगतं. आणि माझा जिना तर भलताच हुशार आहे. मजल्याची उंची सांगा, तो आपल्या पायऱ्या आपण वाटून घेतो, कठड्याचे गज आपण लावून घेतो. ही फाइल दुसऱ्याला देणं म्हणजे नुसता जिना देणं नव्हे. जिना करायची अक्कलच देऊन टाकणं आहे.

मी म्हटलं, "नकाशे देतो. पीडीएफ."

"पीडीएफवर मी काय करू, फुली मारू?" खांब म्हणाला. "माझे खांब तुमच्या जिन्याला कुठे आपटतात ते मला बघावं लागेल."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे म्हणजे एक्स-रे दाखवणार नाही, पण ऑपरेशन करा असं झालं."

शेवटी ठरलं की सगळ्यांची मॉडेलं एका सामाईक फोल्डरमध्ये राहतील आणि ज्याला लागेल तो ती उघडेल. सामाईक! माझा जिना आणि सामाईक! मी हसून मान डोलावली आणि घरी येऊन दोन गोळ्या घेतल्या, एक डोक्याची आणि एक पित्ताची.

१५ जानेवारी

झोप नीट नाही. जिन्याचा विचार डोक्यातून जात नाही, म्हणून त्याची जन्मकथाच लिहून ठेवतो. उद्या वाद झाला तर कामाला येईल.

तेव्हा मी सरांच्या ऑफिसात होतो. सरांनी एका संध्याकाळी कागदावर काही रेघोट्या मारल्या, पायऱ्या, वळण, बाक, आणि तो कागद माझ्यापुढे टाकून म्हणाले, "हे जरा कॉम्प्युटरवर उभं कर." केलं मी! महिनाभर डोळे फोडून केलं. सर मध्येमध्ये येऊन मागे उभे राहायचे, "हे इकडे घे, ते तिकडे घे" म्हणायचे. एकदोनदा मला उठवून स्वतः माझ्या खुर्चीत बसले आणि काहीबाही खुडबुड करून गेले. पण काम माझं. रेघोट्या कोणीही मारील.

ती नोकरी सोडताना माझं काम मी पेनड्राइव्हवर घेतलं आणि निघालो. माझंच होतं, विचारायचं कोणाला?

सर माणूस फार भोळा. कपाटाला कुलूप नाही, कॉम्प्युटरला पासवर्ड नाही. ऑफिसात चालू स्थितीतलं पेनही नसायचं. कोणीही यावं, नकाशे उलगडून बघावेत. नकाशावर नावसुद्धा घालत नसत. कोपऱ्यात दोन उभ्या रेघा मारायचे, एकमेकींना जवळजवळ चिकटून, की झाली सही. मी एकदा म्हटलं, "सर, असं कोणीही उचलून नेईल." तर म्हणाले, "नेऊ दे. माझं आहे ते मला ओळखू येतं." अशा माणसाचं जगात कसं निभावलं, देव जाणे.

मला ते 'खोडरबर' म्हणायचे. दुसऱ्याच्या नकाशातल्या रेघा पुसून मी त्या नव्याने, स्वच्छ काढायचो ना, म्हणून. कामातल्या टापटिपीचं कौतुक होतं त्यांना.

२१ जानेवारी

उपाय पहिला. जिन्याची सगळी हुशारी काढून टाकली, नुसता आकार ठेवला. बघा, पण शिकू नका. शिवाय प्रत्येक दारावर, खिडकीवर, बाकावर, अगदी संडासाच्या भांड्यावरही माझ्या ऑफिसचं नाव कोरलं. फाइल सामाईक फोल्डरमध्ये टाकली आणि शांतपणे जेवलो.

२२ जानेवारी

खांबाचा फोन. "तुमची फाइल उघडताना माझा कॉम्प्युटर बसला तो अजून उठला नाही. आणि तो जिना आहे की शिळा? पायऱ्या मोजता येत नाहीत, कापून बघता येत नाही. भांड्यावर तुमचं नाव का आहे?"

मी म्हटलं, "मालकीहक्क."

"भांड्याचा?"

ह्या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही. नावं काढावी लागली. पायऱ्याही मोजता येतील अशा कराव्या लागल्या. दिवसभर वाईट वाटत राहिलं.

३० जानेवारी

उपाय दुसरा. मेहुणा वकील आहे, बायकोचा धाकटा भाऊ. तो म्हणाला, "भाऊजी, असा करार करून देतो की कोणी तुमच्या जिन्याकडे वाकड्या नजरेनेही बघणार नाही."

झकास झाला आहे करार. माझं मॉडेल कोणी बदलायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. त्यातल्या मापांबद्दल कोणीही कोणाशीही चर्चा करायची नाही. केल्यास जबर दंड. मेहुण्याला वाटलं, एवढं पुरे. पण मी त्याला आणखी एक कलम घालायला लावलं, त्याचं कारण उद्या लिहीन.

डॉक्टरबाईंनी हसत सही केली. कंत्राटदाराला विचारलं, "वाचलंत ना?" म्हणाला, "होऊन जाईल." खांबाने मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि सही केली. म्हणाला, "ठीक आहे. जसं लिहिलंय तसंच वागेन मी." अखेर वठणीवर आला.

३१ जानेवारी

हे फक्त इथेच लिहितो आहे. बायकोलाही सांगितलेलं नाही.

कुठेतरी वाचलं होतं की जुने नकाशे काढणारे गावाच्या नकाशात एखादी खोटी गल्ली घालायचे. दुसऱ्याच्या नकाशात तीच गल्ली दिसली की चोर रंगेहाथ सापडला. काय डोकं!

मीही तेच केलं. सामाईक फोल्डरमधल्या जिन्यात वळणाच्या वरची पहिली पायरी अर्ध्या बोटाने उंच करून ठेवली. बाकी सगळ्या सारख्या. डोळ्याला कळत नाही, मुद्दाम मोजलं तरच. उद्या कोणी हा जिना ढापून कुठे बांधला, तर मी टेप घेऊन जाईन, ती पायरी मोजीन आणि म्हणेन, हा घ्या पुरावा.

खरा जिना माझ्याकडे कुलुपात आहे. प्रत्यक्ष ऑर्डर द्यायची वेळ आली की तो देईन. तोवर कोणाला शंका येऊ नये म्हणून ते जादा कलम, 'सामाईक फोल्डरमधलं मॉडेल हेच अंतिम व अचूक समजावे.'

आज स्वतःवर खूश आहे. सरांना हे कधी सुचलं नसतं.

२४ फेब्रुवारी

पासवर्ड बदलले.

२५ फेब्रुवारी

नवा पासवर्ड आठवेना. परत जुना ठेवला.

९ जून

पाया झाला, खांब उभे राहिले. (इमारतीतले. आमचा खांब आधीपासून उभाच असतो.) कंत्राटदाराला विचारलं, "जिन्याची ऑर्डर कधी?" म्हणाला, "पावसाळा संपू दे, मग बघू. होऊन जाईल." म्हणजे दिवाळीच्या आसपास. घाई नाही. खरी फाइल दिवाणाखालच्या पेटीत आहे.

१८ सप्टेंबर

जेवण बाजूला ठेवून आधी हे लिहितो आहे.

सकाळी सहज साइटवर गेलो. फाटकाशी लांबलचक ट्रेलर उभा. वर ताडपत्री, ताडपत्रीखाली लोखंड. बघतो तर जिना! अख्खा, तयार, रंगाचा पहिला हात दिलेला. क्रेन लावून तो आत नेत होते.

मी ओरडलो, "हा कुठून आला?"

कंत्राटदार हात पुसत आला, आनंदाने नुसता फुलला होता. "साहेब, कारखान्यात एक काम रद्द झालं, मशीन मोकळं मिळालं. म्हटलं, साधून घेऊ. होऊन गेलं!"

वर्षभरात ह्या माणसाचं एक काम वेळेआधी झालं, ते नेमकं हे.

"पण नकाशे? मला विचारलं नाहीत?"

"आता नकाशे कोण बघतं, साहेब? कारखान्याचं मशीन थेट मॉडेलवरून कापतं. सामाईक फोल्डरमधलं दिलं. तुमच्याच करारात आहे ना, तेच अंतिम आणि अचूक?"

जिना जागेवर बसल्यावर वळणाच्या वरच्या पायरीशी जाऊन गुडघ्यांवर बसलो आणि टेप लावली. अर्धं बोट. मशीनने केसाचीही चूक केली नव्हती.

१९ सप्टेंबर

खांबाला गाठलं. आडून आडून विचारलं, "मॉडेलमध्ये कधी काही खटकलं होतं का हो तुम्हाला? जिन्यात वगैरे?"

"वळणाच्या वरची पायरी," तो म्हणाला. "फेब्रुवारीतच."

"मग बोलला का नाहीत?"

"करार. मापांबद्दल कोणीही कोणाशीही चर्चा करायची नाही. कोणाशीही म्हटल्यावर त्यात तुम्हीसुद्धा आलात. मी म्हटलं होतं, जसं लिहिलंय तसंच वागेन."

"अहो, पण निदान एखादी चिठ्ठी, खूण..."

"दंड जबर होता. आणि मला वाटलं, जगप्रसिद्ध जिना आहे, असेल काहीतरी त्यात खोच."

खोच होतीच.

२० सप्टेंबर

दिवसभर स्वतःची समजूत घालतो आहे. अर्धं बोट म्हणजे असतं तरी केवढं? लोक खड्ड्यांतून चालतात, उंबरे ओलांडतात. वर लाकडी फळ्या बसतील, त्यात जाईल झाकून. कारखान्याची चूक म्हणून सांगितलं तरी चालेल. नाही, मशीनने मॉडेलप्रमाणेच कापलं, हे कंत्राटदार दाखवून देईल. गप्प बसावं हे बरं. कोणी मोजणार आहे थोडंच?

पण मी ज्या ज्या वेळी डोळे मिटतो, त्या त्या वेळी कोणीतरी म्हातारी कठडा धरून वर येताना दिसते आणि वळणापाशी आली की मी डोळे उघडतो.

२३ सप्टेंबर

झालं ते असं.

डॉक्टरबाई जिना बघायला आल्या. खूश झाल्या. म्हणाल्या, "थांबा, मी पेशंटसारखी चढून बघते." आणि डोळे मिटले, एक हात कठड्यावर ठेवला आणि निघाल्या. मी खाली उभा. खांब माझ्या शेजारी उभा. दोघांनाही माहीत, दोघंही गप्प. वळणापर्यंत त्या अगदी सुरेख गेल्या. मी "थांबा!" म्हणून ओरडणार होतो. खरंच ओरडणार होतो.

ठेच लागली. गुडघ्यावर आपटल्या. कठडा हातात होता म्हणून निभावलं.

उठून त्यांनी मागे वळून ती पायरी बघितली, वाकून हाताने चाचपली. मग कारखान्याच्या माणसाला, कंत्राटदाराला, खांबाला आळीपाळीने विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी मी सांगितलं. खोटी गल्ली, पुरावा, कुलुपातला खरा जिना, सगळं. बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती खुळ्यासारखं आहे.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "चोर पकडायला तुम्ही माझ्या पेशंटना पाडणार होतात?"

मला लाज वाटली. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. खरी फाइल द्यायचीच होती, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पायरी ताबडतोब सुधारायची आणि करार रद्द करायचा. मॉडेल सगळ्यांना पूर्ण उघडं, हुशारीसकट, ज्याला जे दिसेल ते त्याने बोलायचं. जमत नसेल तर त्या दुसरा आर्किटेक्ट बघतील.

जमतं म्हणालो.

पायरी सुधारायचा उपाय खांबाने जागच्या जागी सांगितला. त्या एका पायरीची लाकडी फळी अर्ध्या बोटाने पातळ घ्यायची, संपलं. फेब्रुवारीपासून त्याच्या डोक्यात तयार होता म्हणे.

घरी आलो. बायकोने विचारलं, "काय झालं?" सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. पाणी दिलं आणि शेजारी बसून राहिली. मग म्हणाली, "चोरीची तुला एवढी भीती कशी रे वाटते?"

मी म्हटलं, "माझी वस्तू आहे. वाटणारच."

तिने रिकामा पेला उचलला आणि आत गेली.

१० ऑक्टोबर

फळी बसली. मी डोळे मिटून वर गेलो, खाली आलो, परत वर गेलो. पायाला काही कळत नाही. डॉक्टरबाईही चढल्या, डोळे मिटून. ह्या वेळी मी त्यांच्या मागोमाग दोन्ही हात पसरून गेलो. कंत्राटदार म्हणाला, "साहेब, नाचताय काय?"

मॉडेल उघडं केलं त्याला दोन आठवडे झाले. कोणी काही चोरलं नाही. उलट रोज कोणी ना कोणी चूक काढून पाठवतं. खिडकी उलटी उघडते, नळ भिंतीच्या आत गेला आहे. अपमान होतो, पण इमारत सुधारते आहे हेही खरं.

१४ ऑक्टोबर

आता हे नवीनच!

खांबाचा फोन. "करार नाही म्हणून विचारतो. वळण संपतं तिथे कठड्याचे दोन गज एकमेकांना जवळजवळ चिकटून आहेत. बाकी सगळे सारख्या अंतरावर. हा पण तुमचाच सापळा का?"

मी शपथेवर सांगितलं की नाही. विश्वास बसला नाही त्याचा. कंत्राटदाराचाही नाही. तो तर म्हणतो, "साहेब, एकदाच काय ते सगळं सांगून टाका."

जाऊन बघितलं. खरंच आहेत. दोन उभे गज, शेजारी शेजारी, मध्ये जेमतेम बोट जाईल एवढी फट. इतकी वर्षं हा जिना माझा आहे, पण कठड्याचे गज मोजत कोण बसतं?

म्हणजे माझ्या फाइलमध्ये कोणीतरी घुसलं! पासवर्ड असताना!

१६ ऑक्टोबर

कुलुपातली खरी फाइल उघडली. तीतही ते दोन गज. जुन्या इमारती बघत फिरलो. सगळीकडे, एकूण एक जिन्यात, वळण संपतं तिथे दोन गज चिकटून. बँकेच्या इमारतीत तर रखवालदाराने त्या फटीत आपली छत्री अडकवली होती. मला म्हणाला, "ही सोय फार चांगली केलीत साहेब."

शेवटी जुना पेनड्राइव्ह शोधून काढला, सरांच्या ऑफिसातून आणलेला. अगदी पहिली फाइल. तीत दोन गज आहेत, आणि नुसते चुकून पडलेले नाहीत, जिन्याच्या नियमातच लिहून ठेवले आहेत. मजला कितीही उंच करा, गज कितीही बदला, ते दोघे वळणाशी येऊन बरोबर शेजारी उभे राहतात.

अर्थ उघड आहे. सरांच्या ऑफिसातच त्या काळी कोणीतरी फितूर होता. माझ्या जिन्यात शिरून त्याने ही खोडी करून ठेवली. मला त्या लांब केसवाल्याचा संशय येतो, सारखा माझ्या कॉम्प्युटरपाशी घुटमळायचा. कुलूप नाही, पासवर्ड नाही, दुसरं काय होणार? बिचारे सर! त्यांना अजून पत्ताही नसेल.

बायकोला हे सांगितलं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. खुर्ची धरून हसली. मी म्हटलं, "सरांना सांगावं का, की तुमच्या ऑफिसात असला माणूस होता?"

डोळे पुसत म्हणाली, "सांग ना. जरूर सांग. उद्घाटनालाच बोलावू त्यांना. मी आणते."

२ नोव्हेंबर

ते गज सरळ करायला सांगितले होते, पण डॉक्टरबाईंनी हरकत घेतली. म्हणाल्या, "राहू द्या. पेशंटची नजर पायाकडे असते. कठड्यावरून हात सरकवत येताना बोटांना हे दोन गज लागले की कळतं, वळण संपलं, आता पायरी. ज्याने केलं त्याने विचार करून केलं आहे."

त्या फितुराचं कौतुक माझ्या तोंडावर ऐकून घ्यावं लागलं.

२० डिसेंबर

उद्घाटन झालं. सगळं छान झालं. पण लिहायचं आहे ते सरांबद्दल.

बायको त्यांना गाडीतून घेऊन आली. किती वर्षांनी बघितलं! खूप वाळले आहेत, हातात काठी, पण डोळे तेच. मला बघून म्हणाले, "काय खोडरबर!" आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला एकदम भरून आलं. का, ते कळलं नाही. इतकी वर्षं मी गेलो का नाही त्यांच्याकडे? वेळच मिळाला नाही.

जिना बघायचा म्हणाले. एक हात काठीवर, एक कठड्यावर. सावकाश चढत होते आणि मी एका पायरीने मागे. वळणावरच्या बाकावर टेकले, हात फिरवून बघितला. परत उठले. वर जाताना त्यांचा हात कठड्याखाली गेला, बघितलंसुद्धा नाही त्यांनी, आणि त्या दोन गजांवर जाऊन थांबला. फटीत बोट घातलं. तसेच उभे राहिले.

मग हसून म्हणाले, "खोडरबर, हे खोडायचं राहिलं की रे."

माणसाची नजर बघा! बोटांनी चूक ओळखली. मी ओशाळलो. म्हटलं, "सर, ती माझी चूक नाही. तुमच्या ऑफिसात त्या वेळी कोणीतरी..." आणि त्यांना सगळं सांगितलं. फितूर, लांब केसवाला, सगळं. ते अगदी लक्ष देऊन ऐकत होते. मागे बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

सर म्हणाले, "असेल. होता खरा एक तसला. पण जिना छान बांधलास हो. पायऱ्या सगळ्या सारख्या आहेत. हे महत्त्वाचं."

मी म्हटलं, "आता सारख्या आहेत सर."

निघताना म्हणाले, "ह्याची फाइल देशील मला? घरी बसल्या बसल्या बघेन म्हणतो."

आता माझं धोरण मोकळं झालं आहे. म्हटलं, "सर, तुम्हाला नाही म्हणेन का? नुसती एक औपचारिकता." बॅगेत एकपानी करार असतोच, मेहुण्याने करून दिलेला नवीन, साधा. जिन्याची मूळ कल्पना व रचना माझी असल्याचे मान्य आहे, खाली सही. बायको म्हणाली, "अरे!" पण सरांनी कागद घेतला होता. पूर्ण वाचला. भोळे असले तरी वाचला. मग घडी घालून माझ्या खिशात ठेवला.

"सही कशाला परत?" म्हणाले. "सही तर मी केव्हाच केलीय." आणि काठीने वर, त्या दोन गजांच्या दिशेने खूण करून गाडीत बसले.

घरी येऊन खिशातला कागद उलटसुलट करून बघितला. सही कुठेच नाही. वय झालं सरांचं, न केलेलं केलं असं वाटतं. बायकोला तसं म्हटलं, तर तिने माझ्या हातातून कागद घेतला, नीट घडी घातली आणि तो परत माझ्या खिशात ठेवला.

उद्या सरांच्या घरी जाऊन येईन. पेन माझंच घेऊन जातो, त्यांच्याकडे चालू पेन कधीच नसायचं.